समुद्र लांब आहे, पण नाथसागर जवळ आहे : एका दिवसात धरणाच्या पाण्याला निवांत फेरी

छत्रपती संभाजीनगर : सुट्टी लागली की मोबाईलवर कोकणचे व्हिडिओ फिरायला लागतात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला निळं पाणी आणि मधून जाणारा रस्ता. अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वर बघून पोरं म्हणतात, आपणही जाऊ. पण आपल्या जिल्ह्यापासून समुद्र म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. जायला एक दिवस, यायला एक दिवस, मुक्कामाचा खर्च वेगळा. कापूस वेचणीला आलेला असतो, घरी जनावरं असतात, दोन-तीन दिवस घर सोडणं जमत नाही.

अशा घरांसाठी एक सोपा पर्याय आहे. पैठणच्या जायकवाडी धरणामागे जो जलाशय पसरला आहे, त्याला नाथसागर म्हणतात. भरल्यावर तो साधारण 55 किलोमीटर लांब आणि रुंद भागात 27 किलोमीटरपर्यंत पसरतो. काही ठिकाणी उभं राहिलं तर समोरचा काठ दिसतच नाही. या पाण्याच्या भोवती रस्त्यांची एक मोठी गोल फेरी होते. सकाळी निघालं तर रात्रीच्या जेवणाला घरी परत येता येतं.

फेरी कशी आहे

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर महामार्गाने निघायचं. गंगापूर तालुक्यातलं कायगाव, पूल ओलांडला की प्रवरासंगम, तिथून नेवासा, कुकाणा, शेवगाव, घोटण, मग पैठण. परतीला ढोरकीन, बिडकीन, चितेगाव करत पुन्हा शहर. सगळी मिळून फेरी दोनशे किलोमीटरच्या आसपास होते. मोटरसायकलला चार-पाच लिटर पेट्रोल पुरतं.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. कोकणात रस्ता पाण्याला चिकटून जातो, तसा हा पूर्ण वेळ जात नाही. पाणी मध्येच दिसतं, मध्येच उसाच्या आणि कपाशीच्या मागे दडतं. म्हणून ही फेरी गाडी पळवायची नाही, थांबत-थांबत करायची आहे. पाच थांबे धरले तरी दिवस भरतो.

ज्यांना एवढं फिरायचं नाही त्यांनी अर्धीच फेरी करावी. वैजापूर-गंगापूरकडच्या लोकांना कायगाव-प्रवरासंगम-नेवासा सोयीचं. फुलंब्री, सिल्लोड, पैठण भागातल्यांना सरळ पैठण बरं.

पहिला थांबा : कायगाव टोका

सकाळी सातला शहर सोडलं तर आठ-सव्वाआठपर्यंत गोदावरीच्या पुलावर पोचता येतं. इथे प्रवरा नदी गोदावरीला मिळते. एका अंगाला कायगावचं रामेश्वर मंदिर, पलीकडे टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर. दोन्ही पेशवाईच्या काळातली, काळ्या दगडाची. सिद्धेश्वराच्या भिंतींवरचं कोरीव काम बघायला तासभर कमी पडतो. खाली नदीत उतरणारे दगडी घाट आहेत. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याखाली आहेत, यावरून गावातले लोक धरण किती भरलं ते सांगतात, कारण धरण भरलं की त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो.

या काठाला जुनी माणसं अजून 'गंगथडी' म्हणतात. गोदावरी म्हणजे त्यांची गंगाच. गंगापूर तालुक्याचं नावही त्यावरूनच समजतं. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली ही नदी 1,465 किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे समुद्राला आपण जाऊ न जाऊ, इथलं पाणी मात्र जातं.

कायगावला 'जुने कायगाव' आणि 'नवीन कायगाव' अशी दोन नावं कानावर पडतील. धरणाच्या भोवती जुनं आणि नवीन लावलेली गावं बरीच आहेत. त्यामागची गोष्ट पुढे येईल.

दुसरा थांबा : नेवासा

प्रवरेच्या काठी वसलेलं नेवासा म्हणजे ज्ञानेश्वरीचं गाव. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली अशी श्रद्धा आहे, तो पैस खांब इथल्या मंदिरात आजही बघायला मिळतो. मंदिर मोठं आहे, शांत आहे, सकाळी गर्दी कमी असते. गावात मोहिनीराजाचं दगडी मंदिरही आहे. त्याच्या कोरीव कामासाठी अर्धा तास वेगळा काढावा.

नेवाशाची आणखी एक ओळख फार कमी लोकांना ठाऊक असते. 1950 च्या दशकात डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व अभ्यासक ह. धी. सांकळिया यांनी इथे उत्खनन केलं. नदीकाठच्या थरांत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आणि वर ताम्रपाषाण युगापासून सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे पुरावे निघाले. म्हणजे या काठावर माणूस हजारो वर्षं राहत आला आहे, तो पाण्यामुळेच.

तिसरा थांबा : शेवगाव-घोटण रस्ता

नेवाशाहून कुकाण्यामार्गे शेवगावपर्यंत साधारण 40 किलोमीटर. हा पट्टा उसाचा. हिवाळ्यात कारखाने चालू असतात, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. घाई करू नये, ओव्हरटेक तर अजिबात जपून करावा.

जेवणाची शिदोरी बरोबर घेतली असेल तर याच टप्प्यात सोडावी. धपाटे, ठेचा, दही आणि कांदा असला की झाडाखालचं जेवण हॉटेलपेक्षा बरं लागतं. मासे खाणाऱ्यांना धरणाच्या भागात रोहू, कटला, मरळ मिळते. भाव आधी विचारून घ्यावा. उरलेलं अन्न आणि प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावं, कारण काठावर टाकलेला कचरा पाणी वाढलं की सरळ जलाशयात जातो, आणि हेच पाणी शहरातल्या आणि कितीतरी गावांतल्या नळाला येतं.

शेवगावहून पैठणकडे निघालं की घोटण लागतं. तिथलं मल्लिकार्जुनाचं जुनं दगडी मंदिर वाटेतच आहे. गाभाऱ्यात पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं, आत गारवा असतो. दुपारच्या उन्हात हा थांबा बरा वाटतो.

चौथा थांबा : पैठण गाव

दोन-अडीचच्या सुमाराला पैठण. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचं नाव आहे. इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचा आणि त्याला वीस दिवस लागायचे, असं त्यात म्हटलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या गावाचा समुद्राशी संबंध होता तो असा.

गावात नाथांचा वाडा, म्हणजे आतलं नाथमंदिर, आणि गोदाकाठी संत एकनाथांची समाधी. एकनाथ (1533 ते 1599) इथलेच. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. ते तपासून नाथांनी शके 1506, म्हणजे 1584 मध्ये शुद्ध प्रत तयार केली. नेवाशाला सांगितलेली ज्ञानेश्वरी पैठणला दुरुस्त झाली. परंपरा सांगते की ज्ञानेश्वरादी भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, इथल्या घाटावर रेड्यामुखी वेद वदवला गेला आणि मग ती नेवाशाला गेली. आजची फेरी म्हणजे त्याच मुलखातून, उलट्या दिशेने केलेला प्रवास. वेळ असला तर पैठणच्या पुढे गोदाकाठीच आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांचं जन्मस्थान म्हणून वारकरी तिथे जातात.

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणमध्ये लाखोंची गर्दी होते. निवांत फिरायचं असेल तर ते दिवस टाळावेत. वारी करायची असेल तर मात्र तेच दिवस खरे.

पैठणी बघायची असेल तर विणकरांच्या मागावर बघावी. आसावली, बांगडी मोर, मुनिया ही नक्षी हाताने, धागा-धागा मोजून विणली जाते, म्हणून एका साडीला कित्येक आठवडे, भारी साडीला कित्येक महिने लागतात. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खरी हातमागाची पैठणी ओळखायची खूण म्हणजे नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. उलट बाजूला सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची समजावी.

पाचवा थांबा : धरण आणि सूर्यास्त

शेवटचा तास धरणासाठी ठेवावा. जलाशय धरणाच्या पश्चिमेकडे पसरलेला असल्याने सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. भिंतीवर आणि दरवाजांच्या भागात मात्र मनाने जायचं नाही. तिथे सुरक्षेची बंदी असते आणि परवानगी लागते. जवळच ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर ते उभं केलं होतं. उद्यान चालू आहे की कामासाठी बंद, ते निघण्याआधी पैठणमध्ये ओळखीच्या माणसाला विचारून घ्यावं, म्हणजे पोरांचा हिरमोड होत नाही.

धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. मातीचं हे धरण जवळपास 10 किलोमीटर लांब आहे. उंची 41 मीटरच्या वर, दरवाजे 27. डावा कालवा 208 किलोमीटर आणि उजवा 132 किलोमीटर जातो.

धरण पैठणला असून नाव जायकवाडी कसं, हा प्रश्न बरेच जण विचारतात. जुन्या आराखड्यात धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी या गावाजवळ होणार होतं. जागा बदलली, कागदावरचं नाव तेच राहिलं.

बातमीतले टीएमसी, टक्के आणि क्युसेक म्हणजे काय

पावसाळ्यात मोबाईलवर रोज धरणाचे आकडे येतात. काठावर उभं राहून ते समजायला सोपे जातात.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर 28 लाख टँकर. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी आहे. त्यातलं 76 टीएमसी पाणी 'जिवंत साठा', म्हणजे वापरता येणारं. खालचं 26 टीएमसी 'मृत साठा'. टक्केवारी सांगतात ती जिवंत साठ्याची. म्हणून 'जायकवाडी शून्यावर' अशी बातमी आली तरी धरणात पाणी दिसतंच. ते खालचं 26 टीएमसी असतं आणि टंचाईत पिण्यासाठी त्यातूनच उपसा करावा लागतो.

धरणाची पातळी फुटात सांगतात. 1,522 फूट झाली की धरण पूर्ण भरलं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे 28 लिटरच्या थोडं वर. एक लाख क्युसेकचा विसर्ग म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे 283 टँकर खाली सुटतात. ऑगस्ट 2006 च्या पुरात पैठण गावात पाणी शिरलं होतं, ते काठावरचे लोक अजून विसरलेले नाहीत.

पाणी येतं ते वरून, नाशिक आणि अहिल्यानगरकडून. वरच्या धरणांनी किती अडवायचं आणि खाली किती सोडायचं यावर दरवर्षी वाद होतो. 2005 च्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. त्यानुसार 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडण्याचा विचार होतो. म्हणून ऑक्टोबरच्या त्या तारखेकडे मराठवाड्याचं लक्ष असतं.

पाणी मागे सरकतं तेव्हा

नाथसागर लांब-रुंद आहे, पण त्या मानाने खोल नाही. थाळीसारखा उथळ. त्यामुळे पातळी दोन-चार फूट उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो. उन्हाळ्यात ऊन या पसरट पाण्याचा मोठा हिस्सा उडवून नेतं, ते वेगळंच.

याच उथळपणामुळे इथे पक्षी येतात. 1986 मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस, चक्रवाक, तलवार बदक, आणि पाणी बरं असलं तर गुलाबी पंखांचे रोहित. रोहित उथळ चिखलातच चरतात. खोल धरणावर ते फारसे दिसणार नाहीत. पक्षी बघायचे तर सकाळी लवकर, दुरून आणि शांतपणे. गाणी लावणं, ड्रोन उडवणं, फोटोसाठी थवा उठवणं हे अभयारण्यात चालत नाही. एकदा उडालेल्या थव्याचं सकाळचं चरणं वाया जातं.

मागे सरकलेल्या पाण्याखालून जी जमीन उघडी पडते ती गाळपेरा. गाळामुळे तिला खत फारसं लागत नाही, ओलावा असतो. हरभरा, गहू, ज्वारी तिथे पेरतात. ही जमीन सरकारी असते आणि पेऱ्यापुरती भाड्याने दिली जाते, त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. फिरायला गेलेल्यांनी त्या पिकातून गाडी घालू नये. मोकळं रान दिसलं तरी ते कोणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

पाण्यात उतरू नका

काठावरची सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेल्फीसाठी किंवा पोहायला पाण्यात उतरणं. पट्टीचे पोहणारेही इथे फसतात. कारण साधं आहे. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओढला की आणखी खाली जातो. पाण्याखाली जुन्या विहिरी, नाले, काटेरी झाडं, मासेमारीची जाळी असतात. वरून काहीच कळत नाही. दरवाजे उघडले तर धरणाच्या खालच्या घाटांवर पाणी बघता-बघता चढतं, म्हणून भोंगा ऐकला की लगेच वर यावं.

कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारू नये. दोर, फेटा, साडी, बांबू, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते टाकावं आणि आरडाओरडा करून मासेमारांना बोलवावं. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108.

एसटीने जाणाऱ्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला एसटी गाड्या दिवसभर असतात, तासा-दीड तासाचा प्रवास. पूर्ण फेरी एसटीने एका दिवसात ओढाताणीची होते, म्हणून पैठणच करावं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 च्या पुढच्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड बरोबर ठेवावं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या-उतरल्या विचारून घ्यावी. स्वतःच्या गाडीने गेलेल्यांनी सूर्यास्त झाला की निघावं. अंधारात लाल दिवा किंवा रेडियम नसलेल्या ट्रॉल्या हा या भागातला खरा धोका आहे.

म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या

आता राहिली ती जुन्या आणि नव्या गावांची गोष्ट. हे धरण बांधलं तेव्हा शंभराहून जास्त गावांना झळ बसली. गंगथडीची काळी जमीन, मळे, वाडे, देवळं, स्मशानं पाण्यात गेली. माणसं उठून माळावर गेली आणि नव्या वस्तीला जुन्याच गावाचं नाव लावलं. देव उचलून नेता आले ते नेले, विहिरी तिथेच राहिल्या. पुढे या पाण्यावर दूरच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, शहर वाढलं, कारखाने आले. ज्यांनी जमीन दिली त्यांच्यातले कितीतरी जण मोबदल्याचे कागद घेऊन वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले.

दुष्काळी वर्षी मे महिन्यात पाणी तळाला जातं तेव्हा कुठे जोत्याचे दगड दिसतात, कुठे देवळाचा भाग. तेव्हा नव्या गावातली म्हातारी माणसं चालत येतात. हा आमचा वाडा, हा पार, इथे आमची विहीर, असं पोरांना दाखवतात. पोरांना दगडच दिसतात.

गाव उठलं तेव्हा जे पंधरा-वीस वर्षांचे होते, ते आज पासष्ट-सत्तरीच्या पुढे आहेत. आणखी काही वर्षांनी पाण्याखाली नक्की कुठे काय होतं, हे सांगणारं कोणी राहणार नाही. म्हणून या फेरीला निघताना गाडीत एक जागा आजी-आजोबांसाठी ठेवावी. काठावर त्यांना सावलीत बसवावं आणि विचारावं : गाव कुठे होतं, वेशीत शिरल्यावर पहिलं घर कोणाचं, जत्रा कधी भरायची, शेवटच्या दिवशी काय-काय बरोबर नेलं. मोबाईल हातात आहेच. दहा मिनिटं त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घ्यावा, आणि फाईलला जुन्या गावाचं नाव द्यावं.